सव्वातीनला तुटणारं वाक्य

दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात दिवसभर संथ बासरी चालू असे. तिने पेशंटची भीती कमी होते, असा डॉक्टरांचा समज होता. बासरी यायची मागच्या घरातल्या कॉम्प्युटरवरून. त्यावरच्या संग्रहात गाण्यांबरोबर डॉक्टरांच्या वर्षापूर्वी गेलेल्या वडिलांच्या बोलण्याची एकतीस रेकॉर्डिंगं होती. बाबांचा आवाज एवढाच काय तो उरला होता.

सोमवारी सव्वातीनला बासरी थांबली. खुर्चीत एक बाई आ वासून बसल्या होत्या. भिंतीवरच्या स्पीकरमधून बाबा म्हणाले, "मी काय सांगतो ते आधी नीट ऐक. तुला त्यातलं काही..." आणि एकदम गप्प. डॉक्टर आरसा बाईंच्या तोंडातच सोडून स्पीकरकडे बघू लागले.

मंगळवारी तेच. बुधवारीही तेच वाक्य, तिथेच तुटलेलं. संध्याकाळी कॉम्प्युटर लावला की 'मागच्या वेळी नीट बंद झालं नव्हतं' असं बजावून तो संग्रहाची यादी नव्याने जुळवायचा, आणि ती आणखी विस्कटलेली निघायची. बासरी लावावी तर बाबा खोकायचे. एकतीस रेकॉर्डिंगांची एकोणीस झाली.

"बाबांना काहीतरी सांगायचं राहिलंय," डॉक्टर बायकोला म्हणाले.

"त्यांचं? सांगायचं राहिलंय?" बायको म्हणाली. "कॉम्प्युटरवाल्याला बोलवा."

कॉम्प्युटरवाल्याने चष्मा पुसला. "फायली अजून आहेत जागेवर. पण यादी लिहिली जात असताना वीज तुटली की यादी बिघडते. रोज झटके बसले तर फायलींचंही काही खरं नाही. उद्या संध्याकाळी येऊन कॉपी काढतो. तुमच्याकडे रोज वीज जाते का?"

वीज जात नव्हती. सव्वातीनला दवाखान्यातला दिवा साधा लुकलुकतही नसे.

गुरुवारी तीन वाजून चौदा मिनिटांनी पेशंटच्या गालात कापूस कोंबून डॉक्टर चवड्यांवर मागच्या घरात गेले. दार लोटलेलं होतं. आत बाबा बोलत होते. "मी काय सांगतो ते आधी नीट ऐक. तुला त्यातलं काही..."

खट्.

भिंतीवरच्या बटणावर आईचा हात होता, आणि चेहऱ्यावर डॉक्टरांनी कधी न पाहिलेलं समाधान.

"आई, तू? अगं, थांबवायचं बटण स्क्रीनवर असतं."

"ते दाबलं की दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू होतात," आई म्हणाली. "हे दाबलं की कुठवर आले होते तेच विसरतात. चव्वेचाळीस वर्षं सव्वातीनचा चहा झाला की ते बोलायला बसायचे, आणि मला मधे बोलता आलं नाही रे."

"पण अशाने बाबांचा आवाज कायमचा जाईल."

आईचा चेहरा पांढराफटक पडला. कॉम्प्युटरवाला येऊन कॉपी काढेपर्यंत ती देवासमोर बसावं तशी त्या यंत्रासमोर बसून होती. एकतीसच्या एकतीस सापडली.

शुक्रवारी सव्वातीनला तिने डॉक्टरांना आत बोलावलं. "आता भीती नाही ना? मग तू दाब. तुला तरी कुठे बोलू दिलं त्यांनी?"

डॉक्टरांनी बटणावर बोट ठेवलं. बाबा सुरू झाले. वाक्य संपलं, दुसरं आलं, मग बाबा 'दातांचा डॉक्टर हा काही डॉक्टर नव्हे' इथपर्यंत येऊन ठेपले. डॉक्टरांचे डोळे भरून आले. बोट काही हलेना. पाऊण तासाने बाबा आपण होऊन थांबले.

"जमेल हळूहळू," आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "रविवारी अख्खा दिवस मलाही बटण दाबायचा धीर झाला नव्हता."