एकशे एक्केचाळीस किलो, नाजूक माल

पार्सल ऑफिसात वजनकाटा सांभाळणारा कारकून त्या दिवशी आठ वाजायच्या आधीच ऑफिसात पोचला आणि आत शिरताच त्याने दाराला कडी लावून घेतली. एकोणीस वर्षांच्या नोकरीत तो वेळेआधी आल्याचा हा पहिलाच प्रसंग. चोरी करायला आलेल्या माणसाच्या छातीत धडधडणार नाही, इतकं त्याच्या छातीत धडधडत होतं.

चोरी करायची नव्हती. वजन करायचं होतं. स्वतःचं.

सहा दिवसांपूर्वी तो गुडघे दाखवायला गेला, तेव्हा डॉक्टरांनी गुडघ्यांकडे ओझरतं आणि पोटाकडे बराच वेळ बघितलं होतं. "वजन कमी करायच्या ऑपरेशनचा विचार करा," असं म्हणून त्यांनी एका हॉस्पिटलचा नंबर लिहून दिला. चार दिवस तो कागद पाकिटात नुसता फिरला. पाचव्या दिवशी धीर करून त्याने फोन लावला. तिकडच्या नर्सबाई गोड बोलल्या. "आत्ता फक्त नावनोंदणी करायची. लगेच कुणी कापत नाही हो." या वाक्यातला 'कापत' एवढाच शब्द त्याच्या डोक्यात राहिला. "उद्या दहाला मी फोन करते. उपाशीपोटीचं वजन तयार ठेवा. अंदाजे नको, नक्की हवं."

घरचा काटा एकशे वीसच्या पुढे आकडा दाखवतच नसे. आडवी रेघ मारून गप्प बसे. आणि घरी बायकोला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. टीव्हीवर कुणी स्ट्रेचरवर दिसलं तरी ती चॅनेल बदलायची, तिला काय सांगणार? शिवाय घरात त्याचा मोबाईल वाजला की उचलायची तीच. म्हणून त्याने नर्सबाईंना नंबरसुद्धा ऑफिसचा दिला होता.

त्याने बूट काढले, पट्टा काढला, किल्ल्या काढल्या. जरा विचार करून चष्माही काढला. मग देवाचं नाव घेऊन काट्यावर चढला. आकडे भराभर धावत सुटले. भीतीने त्याने श्वास रोखून धरला आणि तिथेच घोटाळा झाला. हा काटा गेल्याच महिन्यात बसवलेला. त्यावर वजन दहा सेकंद हललं नाही, की मशीन तो माल आलाच असं समजून नोंद करून टाकायचं. 'टुंग' असा आवाज झाला आणि छपाईयंत्रातून एक चिठ्ठी सरकत बाहेर आली.

चष्मा लावून त्याने ती वाचली. वजन : १४१.६०० किलो. मालाचं वर्णन आणि पत्ता मशीनने काल संध्याकाळच्या शेवटच्या पार्सलवरून उचलला होता. 'काचसामान. नाजूक. आडवं ठेवू नये.'

तो स्वतःला एकशे अठ्ठावीस समजत होता. त्या तेरा किलोंचं दुःख करायलाही वेळ नव्हता. नोंद पुसायला गेला, तर मशीनने साहेबांचा पासवर्ड मागितला. इतक्या चिठ्ठ्यांत एक चिठ्ठी कोण बघतंय, अशी मनाची समजूत घालून त्याने ती खिशात कोंबली आणि कडी काढली.

पण शंभर किलोंच्या वरचा माल साहेबांच्या पडद्यावर लाल रंगात यायचा. साडेनऊला साहेब केबिनमधून बाहेर आले.

"एकशे एक्केचाळीस किलोचं काचसामान आलंय म्हणे. कुठे ठेवलंय?"

"असेल की साहेब... इथेच कुठेतरी," कारकून म्हणाला. हे काही खोटं नव्हतं.

"असेल म्हणजे? एवढा माल काय खिशात मावतो?"

कारकुनाचा हात आपसूक खिशावर गेला.

साहेबांनी मशीनवर 'माल सापडत नाही' अशी नोंद केली आणि मुकादमाला बोलावलं. मुकादम म्हणजे माल चढवणाऱ्या माणसांचा म्होरक्या, तीस वर्षं पाठीवर ओझी वाहिलेला. त्याने सगळं गोदाम पालथं घातलं. ट्रकवाला हॉर्न वाजवू लागला. यादीतला माल चढल्याशिवाय त्याला निघता येत नव्हतं. "अहो, दीड तास झाला मला," तो ओरडला. "मालाला पाय फुटले काय?"

"फुटलेही असतील," मुकादम म्हणाला. "पण एवढं वजन घेऊन लांब जाणार नाही. भाऊ, तुम्ही जरा ट्रकात बघा, चुकून आधीच चढलं असेल."

कारकून धापा टाकत ट्रकात चढला. स्वतःला शोधण्याचं नाटक करता करता त्याच्या अंगाला घाम फुटला. तेवढ्यात दहा वाजले आणि ऑफिसातला फोन वाजला. तो खाली उतरेपर्यंत साहेबांनी उचललासुद्धा.

"वजन मिळालं का?" पलीकडून नर्सबाईंनी विचारलं.

साहेबांना वाटलं, माल जिथे जायचा तिथूनच फोन आहे. "मिळालं. एकशे एक्केचाळीस सहाशे. पण बाई, तुमच्यापासून काय लपवायचं, माल सापडत नाहीये."

"माल? बरं, सकाळपासून पोटात काही गेलंय का?"

"कुणाच्या?"

"पेशंटच्या! पोट पूर्ण रिकामं हवं. आणि दारूची वगैरे सवय आहे का, तेही विचारायचं होतं."

साहेबांनी फोन कानापासून लांब धरला, त्याच्याकडे बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या कारकुनाकडे वरून खालपर्यंत बघितलं. त्यांची नजर मध्यावर येऊन थांबली. मुकादम आणि ट्रकवालाही तिकडेच बघू लागले.

कारकुनाने खिशातून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. "हे मीच आहे, साहेब," तो म्हणाला. "ऑपरेशनसाठी वजन हवं होतं. जिना चढवत नाही आता. पोरीबरोबर बाजारात गेलो तर ती दर दुकानापाशी उगाच थांबते, मला दम खाता यावा म्हणून. मला कळतं ते."

आता हसणार सगळे, म्हणून त्याने मान खाली घातली. कुणी हसलं नाही. मुकादमाने खुर्ची पुढे ओढली. "बसा भाऊ. आधी सांगितलं असतं, तर हा नाजूक माल मी ट्रकात चढवलाच नसता." मग मात्र ट्रकवाला खो खो हसला, त्याच्यामागोमाग साहेबही, आणि शेवटी कारकुनालाही हसू आवरेना.

हसू ओसरायच्या आत दारात त्याची बायको उभी राहिली. केस ओले, हातात मोबाईल घट्ट धरलेला.

"तू इथे कशी?"

तिने मोबाईल पुढे केला. 'आपलं १४१.६०० किलोचं पार्सल सापडत नाही. शोध सुरू आहे.' पाठवणाऱ्याचा फोन नंबर रिकामा असला, की मशीन नोंद करणाऱ्याचा घरचा नंबर घालतं आणि काटा बसवला तेव्हा त्याने तिथे बायकोचाच दिला होता.

"अगं, हे वजन..."

"तुमचंच. आपल्या घरातून एवढ्या वजनाचं दुसरं काय हरवणार?" ती म्हणाली. "रिक्षातून इथवर कशी आले, माझं मला ठाऊक. काय चाललंय तुमचं?"

त्याने अडखळत सगळं सांगितलं. ती चॅनेल बदलायला निघाल्यासारखी भिंतीकडे बघत राहिली. फोन अजून चालूच होता. साहेबांच्या हातातून नर्सबाईंचा बारीक आवाज येत होता, "हॅलो? घरचं कुणी आहे का तिथे? थोडी माहिती हवीय."

बायकोने पुढे होऊन फोन घेतला. "हं, मी त्यांची मिसेस. विचारा."

"झोपेत घोरतात का?"

"घोरतात."

"घोरताना श्वास मध्येच थांबतो का?"

"थांबतो. काल अकरा वेळा थांबला. परवा चौदा वेळा." ती जराही न अडखळता सांगत होती. "पंधरापर्यंत आकडे मोजते मी. तोवर आला नाही, तर हलवते. कूस बदलली की येतो."

कारकून खुर्चीतून अर्धवट उठला. याबद्दल त्याला काही म्हणजे काहीच ठाऊक नव्हतं. नर्सबाईंनी उद्या साडेनऊची वेळ दिली आणि सोबत घरचं माणूस आणा म्हणाल्या. "मी येतेय ना," असं म्हणून बायकोने फोन ठेवला.

"अगं, रात्रभर मोजत बसतेस?" त्याने हळूच विचारलं. "मग झोपतेस कधी?"

"तुम्ही ऑफिसला गेलात की," ती म्हणाली.