आवाज जातो तिथवर

त्या दिवशी सकाळी हाक आली नाही. मी ताटली आणि चमचा घेऊन अंगणात उभी होते. मग निरोप आला. सोविंदाजी वारले.

ताटली-चमच्याचं सांगायला हवं, पण त्याआधी हाकेचं. नवेगाव बांधच्या तलावाला लांब पाळ आहे, मातीचा बांध. तिच्या एका टोकाखाली सोविंदाजींचं घर, दुसऱ्या टोकाला आमचं. तरुणपणी ते झाडीपट्टीच्या नाटकांत राजा व्हायचे. तेव्हा भोंगे नव्हते. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, रात्री सगळ्यात मागच्या बैलगाडीत झोपलेला माणूससुद्धा त्यांच्या आवाजाने दचकून उठे, असं ते स्वतःच सांगत. नाटक सुटलं, मिशा उतरल्या, आवाज राहिला. त्याचं करायचं काय? रोज सकाळी तोंडाशी हातांचा द्रोण धरून ते "होऽऽ!" अशी हाक देत. ऐकू जाईल त्या घराने उलट "हो" म्हणायचं. ज्या घरातून "हो" आलं नाही, तिथे सोविंदाजी हजर.

यात घोटाळे फार. तोंडात राखुंडी असलेल्या माणसाला "हो" म्हणता येत नाही, आणि चूळ भरेपर्यंत सोविंदाजी दारात. एका घरी नवरा-बायको भांडून अबोला धरून बसले होते. दोघांनाही वाटलं, दुसरा बोलेल. सोविंदाजी आत शिरले आणि म्हणाले, "भांडा बाप्पा, खुशाल भांडा. पन आदी हो म्हना!"

लोक हसत. मीही हसत असे. जगात एवढं चाललेलं असताना हा मनुष्य चार गल्ल्यांची हजेरी घेतो, हे मला फार तोकडं वाटे. आमच्या घरी पुस्तकं होती, दोन वर्तमानपत्रं येत. माझे यजमान आणि मी संध्याकाळी जगाची काळजी करत बसत असू.

मग यजमान गेले. त्यानंतर वर्तमानपत्र उघडवेना आणि मिटवेनाही. कुठे समुद्र गावात शिरलेला, कुठे लढाई, कुठे मुलं उपाशी. प्रत्येक बातमी माझ्याकडेच बघते आहे असं वाटे. यातल्या कोणासाठी काही करावं, तर दुसऱ्याला सोडल्यासारखं होई. म्हणून मी कोणासाठीच काही करत नव्हते.

अशाच एका सकाळी लांबून "होऽऽ" ऐकू आलं. यापूर्वी आमच्या घरापर्यंत ती हाक कधी आली नव्हती. वाऱ्याने आली असेल, म्हणून मी गप्प राहिले. थोड्या वेळाने दार वाजलं. सोविंदाजी दुखरा गुडघा धरून धापा टाकत उभे.

"मॅडमबाई, पाहाले आलो. हायेत का गेल्या?"

मला राग आला, आणि बऱ्याच दिवसांनी हसूही आलं. चहा पिता पिता त्यांनी पसरलेल्या वर्तमानपत्राकडे बोट केलं. "हे सारं काऊन डोक्यावर घेऊन राहिल्या तुमी?"

"मग काय करू? डोळे मिटू?"

"मिटा कोन म्हनते? वाचा. पन आवाज जाते तेवढी दुनिया आपली. तिच्यापुढं दुसरा कोनी आवाज देऊन राहिला असंल."

"आणि नसेल तर?"

"तं मंग तिकडं जाऊन ऱ्हाव लागते. तुमी जाता का?"

मी कप उचलले. "मंग कमलाबाईच्या औषधाच्या बाटल्या वाचून द्या," ते उठत म्हणाले. "तिले दिसत नाही. खोकल्याचं गुडघ्याले चोळून राहिली."

कमलाबाई माझ्या मागच्याच घरात राहते. तिला दिसत नाही हे मला ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून मी जाऊ लागले. औषधं झाली की तिला वर्तमानपत्रही वाचून दाखवू लागले. दोघींनी ऐकलेली बातमी जरा हलकी होते.

माझा आवाज मुळात लहान. तो काही पाळीपलीकडे पोचेना, म्हणून मी ताटली वाजवून "हो" म्हणू लागले. शेजारी विचारत, "मॅडमच्या घरी सकाळी सकाळी आरती कायची?"

सोविंदाजींना नेलं त्या संध्याकाळी कमलाबाईने सांगितलं.

"पयले तो आपल्या आंगनातूनच आवाज दे. तुमचे साहेब गेले, तवापासून पाळीवर चढून अर्ध्यापावतर येई. म्हने, इथून मॅडमचं घर आवाजात बसते."

"त्यांचा गुडघा एवढा दुखत असताना?"

"मी बी तेच म्हनलं. तं म्हने, माह्या घरात मले हो म्हनाले कोन हाय? ताटली वाजली का मंग चूल पेटवतो."

सोविंदाजींच्या घराला आता कुलूप आहे. सकाळी मी ताटली घेऊन पाळीवर अर्ध्यापर्यंत जाते आणि वाजवते. थोड्याच घरांना ती ऐकू जाते. कमलाबाई सगळ्यांच्या आधी "हो" म्हणते.