बिनउंबऱ्याचं घर

दुपारची जेवणं आटोपली की आमचे घरमालक भोईरकाका डोळ्यांना पुठ्ठ्याची दोन नळकांडी बांधतात आणि आपल्याच बंगल्यात चाचपडत फिरू लागतात. लूमवर जाणारं सूत ज्यांच्यावर गुंडाळलेलं असतं ती ही नळकांडी. भिवंडीत ती पोत्यानं मिळतात. काकांनी ती जुन्या गॉगलच्या फ्रेमला चिकटवून मागे नाडी लावली आहे. पहिल्यांदा हे ध्यान जिन्यात समोर आलं तेव्हा माझ्या हातातली दुधाची पिशवी सुटली.

"घाबरू नका बाई, मीच हाय," असं म्हणून काका पुढच्या क्षणी कठड्यावर आदळले. मग खिशातून खडू काढून त्यांनी कठड्याच्या त्या कोपऱ्यावर फुली मारली आणि समाधानानं म्हणाले, "सापरला. घात हितं हाय."

मी शाळेत विज्ञान शिकवते. शाळा निजामपुऱ्यात आणि बिऱ्हाड कोन गावात, काकांच्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर. काकांची शेतं वडप्याकडे होती. तिथे आता गोदामं उभी आहेत, त्यामुळे काकांना करायला तसं काही उरलेलं नाही. त्यांच्या बरोबरीचे लोक अशा वेळी गळ्यात जाड साखळी घालतात, मोठी गाडी घेतात, नाहीतर निवडणुकीला उभे राहतात. काकांनी घाबरण्याचं काम पत्करलं आणि ते मन लावून करतात.

कुठलीही वस्तू समोर आली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "ह्याच्यात घात कुठं हाय?" मी नवा मिक्सर आणला तेव्हा अभिनंदन करायचं सोडून त्यांनी तो उलटा केला, झाकण चार वेळा लावलं-काढलं आणि म्हणाले, "झाकन न लावता चालू होतंय. बोटा मोजून ठेवा." लोकांच्या साखरपुड्याला गेले तरी बसण्याआधी खुर्ची उलटी करून पाय तपासतात. मुलीकडचे लोक बिचारे गोरेमोरे होतात. कुकरची तिसरी शिटी होईपर्यंत ते स्वयंपाकघराच्या बाजूला फिरकत नाहीत. एकदा रिक्षात बसण्याआधी त्यांनी सीट दाबून, दांडा हलवून, खाली वाकून इतका वेळ काढला की रिक्षावाला म्हणाला, "चाचा, बैठना है कि खरीदना है?"

मी हसायची. पण भीती ही खरजेसारखी असते, शेजारी राहिलं की लागतेच. हळूहळू मीही प्रयोगशाळेतली स्टुलं हलवून बघू लागले. वर्गाचं दार आत उघडतं, मग गडबड झाली तर सगळी मुलं दारालाच चिकटतील, हा विचार एकदा डोक्यात शिरला तो निघेचना. मुख्याध्यापकांना सांगितलं तर ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही भोईरांकडे राहता ना?" आणि चहा मागवला.

या सगळ्याच्या मुळाशी काकी आहेत. हिराकाकींना काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, बाजूचं आणि पायाखालचं दिसत नाही, आणि जे दिसतं तेही आकसत चाललं आहे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. मागच्या वर्षी हातात उकळत्या पेजेचं पातेलं घेऊन येताना स्वयंपाकघराचा उंबरा त्यांच्या पायाला लागला. पेज हातावर सांडली. काकी आठवड्यात हसू-बोलू लागल्या, काका मात्र त्या दिवशी जे घाबरले ते अजून सावरलेले नाहीत.

नेमक्या त्याच सुमाराला पुतणीची कसलीशी प्रवेशपरीक्षा म्हणून काका तिला घेऊन मुंबईच्या एका डिझाइन कॉलेजात गेले. बाहेर ऊन होतं म्हणून पालकांच्या हॉलमध्ये जाऊन बसले. तिथे एक प्राध्यापिका डिझाइनचा पाया समजावून सांगत होत्या. वस्तू कलेनं बघावी, विज्ञानानं तोलावी आणि माणसांच्या रीतीभाती ओळखून घडवावी, असं काहीतरी. मग त्यांनी सगळ्या पालकांना विचारलं, "तुमच्या घरातल्या कुठल्या वस्तूची तुम्हाला भीती वाटते?" बाकीचे हसले. काका उठून उभे राहिले आणि म्हणाले, "उंबऱ्याची." एवढं बोलून त्यांना रडू आलं. हे मला पुतणीनं सांगितलं. काका एवढंच सांगतात, "कला, विज्ञान आनी संस्कृती. तीन पायांची तिपाय हाय, बाई. तीन पायांची तिपाय कवा डुगडुगत न्हाय."

हे विज्ञानाच्या दृष्टीनं खरं आहे. तीन पायांची तिपाई डुगडुगत नाही, फक्त कलंडते पटकन. हे मी त्यांना सांगितलं नाही, नाहीतर ते घरातल्या तिपाया जाळायला निघाले असते. त्यांनी विचारलं ते वेगळंच, काकींबद्दल. "बाई, तिला नेमका कसा दिसतंय?" मी वहीच्या कागदाची गुंडाळी करून त्यांच्या डोळ्यांना लावली. ते तशीच मान खाली घालून आपले पाय शोधत राहिले. दुसऱ्या दिवशी नळकांडी आली.

मग घर बदलायला लागलं. प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा-काळा पट्टा आला. पांढऱ्या भिंतीवर काळी बटणं आली, पांढऱ्या ओट्यावर लाल भांडी आली. टेबलांचे कोपरे कापून गोल केले. संडासाच्या दारावर हाताला कळेल अशी काथ्याची दोरी आली. गावात या बंगल्याला टोलनाका म्हणतात. "टोलनाक्यावर राहता ना तुम्ही?" असं मला भाजीवालीनं विचारलं आहे. आणि एके दिवशी गवंडी बोलावून काकांनी घरातले सगळे उंबरे काढून टाकले. मुख्य दाराचासुद्धा. अंगणातून देवघरापर्यंत सगळी फरशी एकसारखी सपाट झाली.

काकी त्या वेळी माहेरी गेल्या होत्या. परत आल्या, दारात थबकल्या आणि पायानं चाचपत राहिल्या. लग्न होऊन आल्यापासून रोज सकाळी त्या उंबऱ्याला हळदकुंकू वाहत आणि बोटानं रांगोळीची रेघ ओढत. "माझा उंबरा कुठं गेला?" त्यांनी विचारलं. काकांनी विज्ञान सांगितलं, कला सांगितली. काकी म्हणाल्या, "तिपायचा तिसरा पाय तुमीच कापलाव." त्यानंतर आठवडाभर काकांना जेवताना मीठ मागून घ्यावं लागत होतं.

खरी पंचाईत झाली ती निलेशचं, त्यांच्या मुलाचं, लग्न ठरल्यावर. नवरी घरात येताना उंबऱ्यावरचं तांदळाचं माप पायानं लवंडते. आता माप ठेवणार कशावर? भावकीतल्या बायका येऊन दार बघून गेल्या आणि ओटीवर बसून हळू आवाजात बोलू लागल्या. काकींनी जाहीर करून टाकलं, "सून माझी हाय. मी उंबऱ्याशी उभी ऱ्हाऊन वोवालनार. कोनी माझा हात धरायचा न्हाय."

काकांचं तोंड उतरलं. पेटलेलं निरांजन, हातात ताट, ताटाखालचं काहीच दिसत नाही, समोर उंबरा आणि मागून रेटणारी भावकी. त्यांनी मला हे सगळं पुन्हा पुन्हा सांगितलं.

मग त्यांनी उंबरे घडवायला घेतले. पहिला तांदळाच्या पिठानं नुसता काढलेला, कलेचा उंबरा. काकी म्हणाल्या, "चित्राव लक्ष्मी बसत न्हाय." दुसरा गोदामाच्या फाटकातून आणलेला रबरी गतिरोधक. त्याच्यावर काकींनी भाष्यसुद्धा केलं नाही. तिसरा फोमचा, सागवानी रंग दिलेला, पाय लागला तरी दबणारा. त्याची तालीम म्हणून मला नवरी केलं. या वयात डोक्यावर पदर घेऊन मी मापाला अंगठा लावला. माप जागच्या जागी उभं राहिलं आणि उंबरा उडून तुळशीपाशी जाऊन पडला. काकी भिंतीला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "सुतार बोलवा. सागाचा बसवा. आन् पक्का बसवा."

सुतार आला. काका बाजूला उभे राहून बघत होते. हातोड्याच्या प्रत्येक ठोक्याला त्यांचे खांदे उडत होते.

लग्नाला दोन दिवस उरले होते तेव्हा मी खाली गेले. काकी डोळ्यांत थेंब घालत होत्या. काकांचा हात थरथरतो म्हणून थेंब त्या स्वतःच घालतात. आतल्या खोलीतून काका नळकांडी बांधून मुख्य दारातल्या नव्या उंबऱ्याकडे जात होते, थांबत होते, पुन्हा मागे येत होते.

"काकी, तुम्हाला नाही का भीती वाटत?" मी विचारलं.

"आंधाराची? आमी खारीकाठची मानसा, बाई. काल्याकुट्ट चिखलात हात घालून निवट्या मासल्या धरल्यान." त्यांनी थेंबांच्या बाटलीला झाकण लावलं. "पन ह्या मानसाचा भ्याव मना बगवत न्हाय. मी कवा कवा हितं बसून त्यांनाच बगतंय. जेवरा दिसतंय तेवऱ्यात त्यांनाच ठेवलाय."

दाराकडून काहीतरी आदळल्याचा आवाज आला. "सापरला!" काका ओरडले. मी वर निघून आले, कारण मला रडायला येत होतं.

लग्नाच्या संध्याकाळी वरात दारात आली. बेंजोचा बाजा इतका जोरात की खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. सगळी भावकी दारात कोंबलेली. निलेश आणि नवरी अंगणात उभे होते, उंबऱ्यावर माप होतं. काकी आतल्या खोलीतून पेटलेलं ताट घेऊन निघाल्या. मी हात पुढे केला, त्यांनी कोपरानंच तो बाजूला सारला. काका कुठेच दिसेनात. मला वाटलं, माणूस भीतीनं पळाला. मला रागही आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. काकी एकेक पाऊल टाकत होत्या. ताटाखालचं त्यांना काही दिसणं शक्य नव्हतं. उंबरा जवळ आला, तरी त्यांचा वेग कमी होईना. मी हाक मारायला तोंड उघडलं.

आणि काकी थांबल्या. बरोबर उंबऱ्याच्या अलीकडे.

मी खाली बघितलं. दाराच्या फळीमागे, लोकांच्या पायांत, नवा कोरा रेशमी सदरा घातलेले भोईरकाका फरशीवर बसले होते. त्यांनी आपला पंजा उंबऱ्याच्या अलीकडे फरशीवर उताणा पसरला होता आणि काकींचा अंगठा त्यावर टेकला होता.

काकींचा चेहरा कावराबावरा झाला. नवऱ्याला पाय लागला होता, तोही साऱ्या भावकीसमोर. "हात कारा," त्या ओठांतल्या ओठांत म्हणाल्या. "पाय लागला माझा."

"लागूंदे. हितं उंबरा हाय. हाताच्या पुरं येव नको."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. काकींनी क्षणभर डोळे मिटले, मग ताट उचललं आणि सावकाश ओवाळलं, पहिल्यांदा मुलाला, मग सुनेला. अंगठा तिथून हलला नाही. नवरीनं माप लवंडलं. तांदूळ काकांच्या मनगटावर, बाहीवर, बोटांमध्ये सांडले. त्यांनी हात मागे घेतला नाही.

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली केला. "काका, हाथ हटाओ ना. फोटो में आ रहा है."

काका हात काढू लागले. काकींनी पायाचा अंगठा किंचित दाबला.

"ऱ्हाऊंदे रे," त्या फोटोवाल्याला म्हणाल्या. "ते हितंच असतात."