निरोपाची भागीदारी

फलंदाजीतली भागीदारी परस्परविश्वासावर उभी असते. रविकांत आणि ब्लेझ यांची मात्र दुसरा कुणी गडी उरला नव्हता म्हणून उभी होती.

ही २००३ सालची, मालवणजवळच्या एका वाडीतली गोष्ट. होडीवाला रविकांत संघाचा कप्तान. बेकरीवाला ब्लेझ त्याचा शेजारी. ब्लेझच्या डुकराने रविकांतच्या परसातली रताळी उकरली, तेव्हापासून दोघांत अबोला होता. वाडीचा नियम सगळ्यांना ठाऊक होता: अबोल्यात जो आधी बोलेल, त्याने चूक कबूल केली.

वालावलच्या संघाशी अंतिम सामना होता. आधीचे दोन अंतिम सामने रविकांत हरला होता. हाही हरला तर कप्तानपद त्याच्या जावयाकडे, नितेशकडे, जायचं होतं. नितेश पहिल्याच चेंडूवर बाद होऊन आला होता आणि उद्याच्या बैठकीला चहा किती लागेल याची शांतपणे चौकशी करत होता.

धावायचं तर हाक द्यावी लागते. म्हणून रविकांतने पंच शिवाला मध्ये घातलं. "शिवा, इचार तेका, दोन पळतलो काय?"

ब्लेझ शिवाच्या शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "सांग तेका, एकच. दुसरी पळाक तेचा पोट आड येता."

वालावलवाल्यांनी तक्रार केली की पंच रविकांतच्या संघाकडून खेळतोय. शिवालाही ते पटलं. "तुमी दोघांनी माझो पोस्टमन केलास. आता तुमचा तुमी बघा," म्हणून तो गप्प झाला.

शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या होत्या. रविकांतने मारलेला चेंडू वाळत घातलेल्या जाळ्यात जाऊन अडकला. क्षेत्ररक्षक तो सोडवत बसला. तेवढ्यात चार धावा झाल्या असत्या. पण दोघेही आपापल्या टोकाला उभे राहून एकमेकांकडे बघत होते. चेंडू सुटला तेव्हा रविकांतने नितेशकडे एकदा पाहिलं आणि रताळ्यांवर पाणी सोडलं.

"धाव रे मेल्या!"

ब्लेझ धावला. अर्ध्या वाटेत त्याच्या लक्षात आलं की आपण जिंकलो. तो थांबला आणि मागे वळला. "बोल्लो! शिवा, आयकलंस मां? पयलो ह्यो बोल्लो!"

शिवाने ऐकलं होतं. तोवर यष्टिरक्षकाने ब्लेझला धावबाद केलं होतं.

कप्तानपद नितेशकडे गेलं. त्या पावसाळ्यात समुद्राने मैदान खाल्लं, आणि ती स्पर्धा पुन्हा कधी भरली नाही.