चौरंगावरची रहस्यकथा

कार्यालयातून परतलेल्या राजेंद्राने पादत्राणे काढली आणि देवघराकडे दृष्टी जाताच तो उंबरठ्यावरच खिळला. चौरंगावर तांबडे वस्त्र अंथरले होते. वस्त्रावर पोथी, पोथीवर हळदकुंकू, बाजूला तेवती समई अशी सर्व सिद्धता होती. समोर गल्लीतल्या स्त्रिया पदर सावरून बसल्या होत्या आणि शेजारची सून नूतन एकेक अक्षर जोडीत वाचत होती :

"आणि त्या... अंधाऱ्या विहिरीच्या... तळातून एक पांढरा हात... वर आला."

"हरी हरी!" स्त्रियांनी एकमुखाने म्हटले आणि हात जोडले.

राजेंद्राच्या अंगावर सर्रकन काटा उभा राहिला. त्या हाताचे त्याला भय नव्हते. तो हात त्यानेच लिहिलेला होता. भय होते ते चौरंगाचे. तेथे विराजमान असलेली वस्तू पोथी नव्हती. ती त्याची पहिलीवहिली कादंबरी होती.

या कादंबरीत विहिरीतले भूत होते, परलोकातून नव्हे तर परग्रहावरून आलेले एक यंत्र होते आणि या दोहोंच्या मधोमध एका खुनाचा छडा लावणारा यशोधन नावाचा गुप्तहेर होता. गोंदियाच्या दुलीचंद मुद्रकाने तिची छापील मुद्रिते तपासण्यासाठी धाडली होती. दोन महिने खपून राजेंद्राने त्यांच्यावर दुरुस्त्या केल्या, शेवटचे प्रकरण तर समासात आणि पाठकोऱ्या बाजूंवर समूळ नव्याने लिहिले आणि ते सुटे कागद दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून सुतळीने बांधले. उद्याच्या गाडीने ते गोंदियास जायचे होते. येत्या सोमवारी ते छपाईयंत्रावर चढले नाहीत, तर दुलीचंदाकडे शाळांच्या मार्गदर्शिकांची छपाई सुरू होणार होती आणि मग दिवाळीपर्यंत कादंबरीचे नाव निघणार नव्हते. त्या कागदांची दुसरी प्रत जगात कोठेही नव्हती.

इकडे अधिक मास लागला होता. रुख्माबाईंनी आठ दिवसांपासून मुलाच्या मागे पोथी आणण्याचा धोशा लावला होता आणि मुलाने "आणतो" असे तितक्याच वेळा म्हटले होते. आज टेबलावर त्यांना दोन फळ्यांसारख्या पुठ्ठ्यांमध्ये बांधलेली सुटी पाने दिसली. त्यांच्या माहेरची पोथी नेमकी अशीच होती. आपल्याला वाचता येत नाही याचे रुख्माबाईंना त्या दिवशी प्रथमच काही वाटले नाही. त्यांनी स्नान केले, संकल्प सोडला आणि पोथी लावली.

"माय, थे पोथी नोहे!" राजेंद्र कळवळून म्हणाला. "माही कादंबरी हाय थे!"

"असू दे नं," रुख्माबाई शांतपणे म्हणाल्या. "तुयी तं तुयी. आता संकल्प झाला."

"मले उद्या गोंदियाले पाठवाची हाय!"

"लावलेली पोथी मधात उठवत नाई, एवढं बी तुले ठाऊक नाई? समाप्ती झाल्याबिगर चौरंग हालत नसते."

"माय, यात भूत हाय. खून हाय!"

"पोथीत राक्षस नसतेत का?" असा प्रश्न शेवंताबाईंनी मध्येच टाकला. या शेजारीण, गल्लीत कोठेही पोथी लागली की अर्थ सांगण्याचा मान त्यांचा. "वध तं पानोपानी असतेत. तू बस खाली. पाय धुतले का?"

राजेंद्र पाय धुऊन बसला. रात्रीच्या जेवणाला त्याची पत्नी मंजुषा हिने उपाय सुचवला. "अहो, मोबाईलनं फोटो काढून घ्या नं सगळ्या पानांचे." परंतु पुढचे पान वाचनाच्या आधी उघडू नये, असा नियम निघाला, आणि राजेंद्राला हवी होती ती सगळी पुढचीच पाने. महिनाभर रोज एक अध्याय, हा रुख्माबाईंचा बेत होता. पुष्कळ घासाघीस होऊन सप्ताहाच्या पद्धतीवर तडजोड झाली. रविवारी दुपारी समाप्ती करायची आणि सोमवारी पहाटे कागद गोंदियास न्यायचे असे ठरले. राजेंद्राने कार्यालयात आजारपणाची रजा टाकली. ती रजा आठवड्याच्या मध्यापर्यंत खरी ठरते की काय, असे त्याला वाटू लागले.

कारण पहिली अडचण वाचनाचीच होती. "मी वाचतो, भराभर होईन," असे त्याने म्हणताच शेवंताबाई कडाडल्या, "ज्यानं सुरू केलं त्यानंच संपवा लागते. वाचनारा बदलत नाई." नूतनचे शिक्षण सगळे हिंदीत झालेले. 'निबिड', 'विच्छिन्न', 'अनाकलनीय' अशा शब्दांशी ती एखाद्या काटेरी कुंपणाशी झगडावे तशी झगडत असे. ज्या लेखकाने ते शब्द मोठ्या प्रेमाने निवडले होते, त्याला पाने उलटण्याचे काम मिळाले होते आणि प्रत्येक शब्दागणिक आपण तो का निवडला, असे त्याचे त्यालाच वाटत होते.

दुसरी अडचण समासात दडलेली होती. मंगळवारी नूतन वाचता वाचता थांबली आणि कडेचा हस्ताक्षरातला मजकूर तिने त्याच सुरात वाचला, "येथे भीती वाढवणे."

"थे वाचाचं नाई, थे माह्यासाठी हाय," राजेंद्र घाईने म्हणाला.

"पोथीत लिवलं हाय तं कराच लागते," शेवंताबाई म्हणाल्या. "मंजुषा, खिडकी लाव. पंखा बंद कर. लाइट बी घालव बरं."

ज्येष्ठातल्या दुपारी, बंद खोलीत, पंख्याविना, घामाने निथळत स्त्रियांनी यथाविधी भीती वाढवली. एकीने तर किंकाळीही फोडली. ती कमी पडली असे ठरल्यावर दुसरीने फोडली. पुढच्याच पानाच्या कडेला "येथे चहा" असे टिपण होते. यशोधनाने तेथे चहा घ्यावा, अशी ती स्वतःसाठी केलेली आठवण होती. सगळ्यांना चहा झाला, साखर संपली आणि राजेंद्राला दुकानात जावे लागले.

बुधवारच्या अध्यायात परग्रहावरचे यंत्र आकाशातून त्या विहिरीत आधीच उतरले असल्याचे उघड झाले. या स्थळी श्रोते गोंधळतील, अशी धास्ती राजेंद्राला लिहितानाच वाटत आली होती. गावातल्या साहित्यप्रेमी मित्रांनी भूत, विज्ञान आणि हेरगिरी एका भांड्यात शिजत नाहीत, असे त्याला वारंवार बजावले होते.

"विमान हाय," शेवंताबाईंनी अर्थ सांगितला. "यायचंच होतं. पुढं वाच."

पुढे वाचले गेले. एकाही स्त्रीने शंका काढली नाही. शंका निघाल्या त्या भलत्याच ठिकाणी.

"राजू, त्या मुडद्याले अजून कोनी जाळलं काहून नाई? कालपासून पडला हाय."

"काकू, पोलिसाचा पंचनामा व्हाचा हाय."

"आन् हा यशोधन जेवते कवा? तीन अध्याय झाले, पोरगं नुसतं चहावर हाय."

"रहस्यकथेत जेवन दाखवत नाई, काकू."

"तुह्या कथेत नसन दाखवत. आमच्या घरी उपाशी नाई ठेवत कोनाले." असे म्हणून शेवंताबाई उठल्या. वरण, भात, भाजी असे एक ताट वाढून त्यांनी चौरंगापाशी ठेवले.

गुरुवारी प्रकरण आणखी चिघळले. विहिरीत भूत होऊन राहिलेल्या मुलीच्या धाकट्या बहिणीचे आणि यशोधनाचे सूत जुळत असल्याचे त्या दिवशीच्या अध्यायात उघड झाले. स्त्रियांनी परस्परांकडे पाहिले. अधिक मास म्हणजे जावयाला वाण देण्याचा महिना. ती मुलगी आईवेगळी, तिच्यामागे कोणी नाही. मग तिचे माहेर कोणी व्हावे? दुसऱ्या दिवसापासून ताटात अनारसे पडू लागले. शनिवारी एक उपरणे आणि टोपीही आली. जावयाचा सगळा मान यशोधनाला रीतसर पोहोचला.

राजेंद्राचा चेहरा मात्र दिवसागणिक उतरत गेला. मंजुषेने स्वयंपाकघरात त्याला गाठले.

"अहो, एवढं कौतुक होऊन राह्यलं, आन् तुमचं तोंड असं काहून?"

"मंजुषा," तो खालच्या आवाजात म्हणाला, "खून यशोधननंच केला हाय."

मंजुषेच्या हातातला झारा कढईत पडला.

ते खरे होते. मूळ प्रकरणात खुनी गावचा वैद्य होता. पण दोन महिन्यांच्या चिंतनानंतर राजेंद्राला साक्षात्कार झाला होता : विहिरीतल्या यंत्राने यशोधनाला पहिल्या रात्रीच गिळून त्याची प्रतिकृती वर धाडली होती आणि ती प्रतिकृती स्वतःच केलेल्या खुनाचा तपास करीत फिरत होती. भूत, यंत्र आणि तपास या तिन्ही धाग्यांची गाठ तेथेच बसत होती. त्या एका शेवटासाठी तो लेखक झाला होता, असे म्हटले तरी चालेल.

त्याने पाने उलटताना एकदम दोन उलटून पाहिली. अशाने निदान संशयाची काही स्थळे गाळली जातील, असा त्याचा हिशोब होता.

"थांब," शेवंताबाई म्हणाल्या. "आताच तं थो विहिरीत उतरला होता. मंग कोरडा कसा दिसून राह्यला?"

पान परत उलटावे लागले.

रविवारी समाप्तीच्या दुपारी दारात दुलीचंद मुद्रक स्वतः येऊन उभा राहिला. आठवडाभर दूरध्वनीवर "उद्या, उद्या" ऐकून त्याचा संयम सुटला होता.

"साहेब, कागद देता का मार्गदर्शिका चढवू मशीनवर? मी काही इथं बसायला नाही आलो."

"चपला बाहेर काढा, भाऊ, पाय धुवा," रुख्माबाई म्हणाल्या. "शेवटचा अध्याय सुरू हाय. अध्याय सुरू असताना उठत नाई, हालत नाई."

दुलीचंद बसला. घड्याळाकडे पाहत बसला, मग भिंतीकडे पाहत बसला आणि थोड्या वेळाने नूतनकडे पाहू लागला. आठवड्याच्या सरावाने नूतनची वाणी आता स्वच्छ झाली होती. 'अनाकलनीय' ती एका दमात म्हणत होती. तिने समासातली अक्षरे वाचली, मग पाठकोरी बाजू वाचली आणि शेवटी ते वाक्य आले : "आरशात पाहणाऱ्या यशोधनाला आपला खुनी सापडला."

समईची वात चरचरली. कोणीही 'हरी हरी' म्हटले नाही.

"याचा अर्थ काय, काकू?" नूतनने भीत भीत विचारले.

शेवंताबाईंनी आयुष्यात प्रथमच अर्थ सांगितला नाही. त्या राजेंद्राकडे वळल्या. "काहून रे? आमच्या जावयावर आळ घेते?"

"आळ नाई, काकू. पुरावे हायेत. तिसऱ्या अध्यायात..."

"पुरावे ठेव तुह्यापाशी! तीन दिवस अनारसे खाल्ले त्यानं या घरचे."

"थ्यानं नाई खाल्ले, नूतनच्या पोरानं खाल्ले!"

"राजू," रुख्माबाई बोलल्या. "ज्याले वान दिलं, टोपी घातली, त्याले याच चौरंगासमोर खुनी म्हनून मी समाप्ती करनार नाई. आन् समाप्तीबिगर पोथी हालनार नाई."

राजेंद्राने आशेने दुलीचंदाकडे पाहिले. दुलीचंद खांद्यावरच्या उपरण्याने डोळे पुसत होता.

"साहेब, मला पण जरा जास्तच वाटलं हो," तो म्हणाला. "एवढा गुणी माणूस."

सोमवार तोंडावर होता. राजेंद्राने लेखणी काढली आणि सर्वांसमक्ष, दातओठ खाऊन, आपला साक्षात्कार खोडला. एकेक ओळ अशी गिरबटली की खालचे अक्षर देवालाही दिसू नये. मग छापील मजकुरावरची जुनी काट रद्द करून त्याने वैद्याला पुन्हा खुनी केले. नूतनने तेवढा भाग वाचला.

"हौ, वैद्यच," शेवंताबाई समाधानाने म्हणाल्या. "त्याच्या गुनावरूनच दिसत होतं."

आरती झाली. अनारसे वाटले गेले. रुख्माबाईंनी पोथीला नमस्कार करून ती चौरंगावरून उचलली, सुतळीने बांधली आणि मुलाच्या हातात ठेवली.

"घे. अन् आता छापताना खरं काय थे छाप."

राजेंद्राला प्रथम काही कळलेच नाही. "म्हंजे?"

"म्हंजे काय? मारलं तं त्यानंच. मले तं तवाच वहीम आलता, जवा थो विहिरीतून वर आला आन् त्याची सावलीच पडली नाई."

"मंग मले खोडाले काहून लावलं?"

"जावयाले घरात बोलवून तोंडावर बोलतेत का?" रुख्माबाईंनी आश्चर्याने विचारले. "समाप्ती झाली, मान झाला, गेला थो आपल्या वाटेनं. आता छाप नं."

"मी पण तेच म्हणतो," दुलीचंद अनारसा संपवीत म्हणाला. "वैद्याचं पुस्तक खपत नाही हो साहेब. आरसा पाहिजे. पण लवकर. मला संध्याकाळची गाडी आहे."

राजेंद्राने बंधने सोडून शेवटचे पान काढले. निळ्या शाईच्या त्या दाट चिखलाखाली एकही अक्षर जिवंत नव्हते. दोन महिन्यांचे शब्द आठवावेत म्हणून त्याने डोळे मिटले. आठवले ते फक्त साखरेचे दुकान.

"काय झालं?" शेवंताबाईंनी विचारले.

"गेलं, काकू. काहीच आठवत नाई. सगळं गेलं."

"जाईन कुठं? आताच तं ऐकलं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा मांडी घालून बसल्या. जन्मभर कानांनीच ग्रंथ साठवीत आलेल्या त्या स्त्रिया एकेक करून त्यांच्याभोवती जमल्या. "लिही. 'विहिरीच्या निबिड अंधारात त्या रात्री जो उतरला, तो वर आलाच नव्हता.'"

"'आला तो केवळ त्याचा आकार,'" रुख्माबाईंनी पुढचे वाक्य दिले.

"'मानवी, परंतु अनाकलनीय,'" नूतन म्हणाली.

राजेंद्र लिहू लागला. दुलीचंद त्याच्या खांद्यावरून वाकून पाहत होता. ओळीमागून ओळ, विरामचिन्हाच्या थांब्यासकट, जशीच्या तशी येत गेली. मध्येच एके ठिकाणी राजेंद्राचा हात थबकला. येथे 'अनाकलनीय' ऐवजी एखादा सोपा शब्द अधिक शोभेल, असे त्याला वाटले. त्याने तो खोडण्यासाठी लेखणी टेकवली.

शेवंताबाईंनी त्याच्या मनगटावर चापट मारली.

"मधात आपल्या मनाचं घालू नको. जसं हाय तसं लिही."

आणि लेखकाने निमूटपणे पुढचे वाक्य विचारले.