रंगनाथतात्या आणि डोळ्यातला भुसा

आमच्या पिंपळगाव रेणुकाईत कोणाच्या डोळ्यात काही गेलं की तो माणूस आधी पळतो, अन् त्याच्यामागे आमचे शेजारी रंगनाथतात्या पळतात.

लोकांच्या डोळ्यातला कचरा काढायचा त्यांना भारी सोस. त्यांची बायको, आमची काकू, वारल्यापासून घरात छळायला कोणी न्हाई, म्हणून अख्खं गाव तावडीत. हत्यार एकच, खिशातल्या दस्तीचं, म्हणजे रुमालाचं, टोक. ते थुंकी लावून वळायचं, समोरच्याची मान काखेत दाबायची अन् दरडावायचं, "बिलकुल हालू नको, आलंच बघ!" येत काहीच नसे. माणूस मात्र लालभडक डोळा घेऊन बोंबलत घरी जायचा. डॉक्टरचं नाव काढलं की तात्या उखडत. "एवढ्याशा कचऱ्यापायी खर्चा कशाला?"

यंदा सोयाबीन काढताना मळणीयंत्राचा भुसा खुद्द तात्यांच्याच डोळ्यात गेला. गावाला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मीही म्हटलं, "तात्या, काढा की दस्ती!" तात्या शिव्या देत घरात गेले अन् दार लावून घेतलं. दोन दिवसांनी डोळ्याचा पार टमाटा झाला, तेव्हा मी त्यांना गाडीवर घालून जालन्याला नेलं.

डॉक्टरबाईंनी डोळा बधिर करायचा थेंब टाकला. तात्या किंचाळले, "मेलो! हळू काढा!"

"अहो, अजून नुसता थेंब टाकलाय."

मंग बाईंनी कुसळ काढून दाखवलंसुद्धा. "अजून उशीर केला असता तर नजर गेली असती, आजोबा."

तात्यांचा डोळा त्या थेंबाच्या बाटलीवर. "ही मला द्या बाई. माझे पेशंट लई बोंबलतात."

"बिलकुल नाही! घरी वापरली तर दुखणं कळत नाही अन् डोळा खराब होत जातो. आणि अर्धा तास डोळा चोळू नका."

बाहेर बाकावर आम्ही टेकलो. मला राहवलं न्हाई. "गावाचे डोळे उकरता, मंग तुमच्या डोळ्यात गेलं तर कोण काढायचं?"

"तुझी काकू." तात्या जमिनीकडे बघत म्हणाले. "आधी पदराचा शेक द्यायची, मंग फुंकर मारायची. परवा दार लावून बसलो ना, तिलाच हाका मारून राह्यलो होतो."

मला फार वाईट वाटलं.

"बाईनं काढलं झकास," तात्या म्हणाले. "पण काही कळलंच न्हाई रे. तिची फुंकर कळायची."

त्यांचा हात डोळ्याकडे निघाला. "चोळू नका," म्हणून मी तो धरला, अन् अर्धा तास सोडला न्हाई.