बद्रीनाथच्या घरचं ऑडिट

"अगं, जर्मनीहून आलेला ऑडिटर मी चहा पाजून, हार घालून परत पाठवला! तुझी ही शाळेतली बाई काय घेऊन बसलीस!"

बद्रीनाथ असं बोलला आणि तिथंच सगळा घोळ सुरू झाला. माणसानं छाती फुगवावी, नाही असं नाही, पण आधी सदऱ्याची बटणं तपासून फुगवावी!

हा बद्रीनाथ वाळूजच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत क्वालिटीचा सुपरवायझर. राहायला बजाजनगरात. अकरा वर्षांत त्याच्या हातून एकही ऑडिट बिघडलेलं नव्हतं. बिघडेल कसं? ऑडिटर यायच्या तीन दिवस आधी हा गडी जमिनीवर पिवळे पट्टे मारायचा, दिसेल त्या वस्तूला चिठ्ठी चिकटवायचा आणि कामगारांकडून उत्तरं घोकून घ्यायचा. राहिला बिघडलेला माल. त्याला लाल चिठ्ठी लावायची, रामकिसनच्या टेम्पोत भरायचा आणि टेम्पो गेटाबाहेर! ऑडिटर आत काजू खातोय, तोवर रामकिसन आपला वाळूजभर फिरतोय. पाहुणा गेला की माल परत जागेवर. कुणाला पत्ता नाही.

आता शाळेचं ऐका. बद्रीनाथ आणि आशाची एकुलती एक लेक मनकर्णा, लाडाची मनू, सहा वर्षांची. घरात दिवसभर टकळी चालू, पण शाळेचं नाव काढलं की पोर मुकी! एकदा दप्तर सापडेना, तर ते ज्वारीच्या कोठीत तळाशी निघालं. त्या दिवशी आशा कोठीपाशीच बसून रडली. मग तिनं सगळं शहर पालथं घालून 'ओसरी' नावाची नव्या पद्धतीची शाळा शोधली. छडी नाही, परीक्षा नाही, पोरं माती कालवत कालवत हिशेब शिकतात म्हणे! जागा एकच उरलेली. आणि प्रवेशाआधी शाळेच्या मुख्य बाई वच्छलाताई घरी येऊन बघणार, की मूल वाढतंय कसं. शाळेच्या कागदावर चार नियम छापले होते: भीती नाही, लालूच नाही, तुलना नाही, जबरदस्ती नाही.

"अहो, आपण जसे आहोत तसे दिसू या ना," आशा म्हणाली.

"जसं आहे तसं दिसून आजवर कुणाचं भलं झालंय का?" बद्रीनाथनं पिवळ्या रंगाचा डबा उघडला.

शनिवारी संध्याकाळपर्यंत घराची कंपनी झाली! दाराशी पट्टा, 'चपला'. खिडकीशी पट्टा, 'खेळण्याची जागा'. कोपऱ्यात पट्टा, 'रुसण्याची जागा'. मिठाच्या बरणीवर 'मीठ', साखरेच्या डब्यावर 'साखर', फ्रिजवर 'फ्रिज'. आशा स्वयंपाकघरात जरा वेळ एका जागी उभी राहिली, तर तिच्याकडंही तो चिठ्ठ्यांची गुंडाळी घेऊन बघायला लागला. ती उलथनं घेऊन वळली तेव्हा कुठं गडी मागं सरला.

मग मनूची तालीम. "मनू, बाई विचारतील तेवढंच सांगायचं. जास्तीचं एक अक्षर नाही! समजलं?"

"समजलं."

"काय समजलं?"

"विचारलं तेवढंच सांगायचं."

"शाब्बास!"

रविवारी सकाळी लाल चिठ्ठ्या निघाल्या. चिठ्ठीवर एकच शब्द, 'नामंजूर'. टीव्हीला लाल चिठ्ठी. कुरकुऱ्यांच्या पुड्यांना लाल चिठ्ठी. पाढ्यांचा तक्ता, लाकडी पट्टी, घरातले दोन्ही मोबाइल, सगळ्यांना लाल चिठ्ठी! "टेम्पोत जाणाऱ्या मालाला चिठ्ठी लागलीच पाहिजे," असं म्हणत त्यानं गुंडाळी मनूच्या हातात दिली. पोर कामाला लागली. दारात टेम्पो उभा. "बाई गेल्यावरच परत यायचं," बद्रीनाथनं बजावलं. रामकिसन म्हणाला, "टेन्शन नको लेना, बद्रीभाऊ! बाई जाईपर्यंत मोहटादेवी चौकाला चकरा मारतो."

सगळा माल चढला. आणि तेवढ्यात बद्रीनाथचं लक्ष गेलं आईकडं.

द्वारकाबाई गेले पंधरा दिवस लासूरजवळच्या गावाहून मुक्कामाला आल्या होत्या. त्या नातीला भरवत होत्या. "खा गं माय, नाय तं बागुलबुवा येईन. खाल्लं तं गूळ देते. शेजारची पोर बघ कशी दोन भाकरी हानती. कर आ... कर म्हन्ते ना!" आणि घास तोंडात!

बद्रीनाथनं बोटं मोजली. भीती, लालूच, तुलना, जबरदस्ती. एका घासात चारही नियम खलास! जर्मनीच्या ऑडिटरलासुद्धा भोवळ आली असती.

"आई, तू जरा रामकिसनबरोबर फेरफटका मारून येतेस का?"

"काहून?"

"हवा खायला."

"वाळूजात? धूर खायला म्हन की!" द्वारकाबाई हसल्या. मग त्यांनी टेम्पोकडं बघितलं, टीव्हीकडं बघितलं, लेकाकडं बघितलं. "बद्री, मी घरात ऱ्हायले तं पोरीला शाळा भेटायची नाय का?"

बद्रीनाथ पिवळ्या पट्ट्याकडं बघत म्हणाला, "तसं काही नाही गं. पण..."

"आरं मंग आसं सांग की! पोरीच्या शाळंसाठी मी गंगापूरला पायी जाईन, टेम्पोचं काय घेऊन बसला!" आणि पदर खोचून त्या ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या. बद्रीनाथला पोटात कुठंतरी टोचलं, पण घड्याळात नऊ वाजले होते आणि टोचून घ्यायला वेळ नव्हता.

त्याच्या हातात तपासणीचा कागद. पहिलाच मुद्दा, 'मुलाला निवडीचं स्वातंत्र्य'. नेमकी मनू सदरा ओढत आली. "पप्पा, मी आजीजवळ बसू का?"

बद्रीनाथचं डोकं कागदात. "तू ठरव, बेटा! तुझा निर्णय!" म्हणून त्यानं मुद्द्यापुढं भलीमोठी खूण केली.

मनूनं ठरवलं. टेम्पो गेला!

दहा वाजता वच्छलाताई स्कूटीवरून आल्या. साधी सुती साडी, खांद्याला झोळी. दारातल्या पट्ट्यात त्यांनी मुकाट्यानं चपला काढल्या. 'फ्रिज' वाचलं, फ्रिजकडं बघितलं, परत 'फ्रिज' वाचलं. 'रुसण्याची जागा' पाहून मात्र त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. बद्रीनाथनं मनात म्हटलं, जिंकलो!

"छान. आता मनकर्णाला बोलवा."

"मनू!" बद्रीनाथनं हाक मारली. खेळण्याच्या जागेत मनू नाही. रुसण्याच्या जागेत नाही. गच्चीवर नाही, पलंगाखाली नाही. आशानं कोठीसुद्धा उघडून पाहिली. तिचा चेहरा चुन्यासारखा झाला. "अहो, पोर कुठंय?"

बद्रीनाथच्या कानात स्वतःचाच आवाज घुमला. तू ठरव, बेटा. ऑडिट गेलं चुलीत, लेक कुठंय?

"रामकिसनला फोन लावा!" आशा ओरडली.

"नंबर माझ्या मोबाइलमध्ये आहे."

"मोबाइल कुठंय?"

"टेम्पोत."

"माझ्यात बघा!"

"तोही टेम्पोत."

वच्छलाताईंनी झोळीतून आपला फोन काढला. "तुमचा स्वतःचा नंबर तरी पाठ आहे ना?" बद्रीनाथनं सांगितला. त्यांनी लावला आणि आवाज मोठा केला. तिकडून कुणीतरी उचलला.

"हॅलो, कोण बोलतंय?"

"मनकर्णा बद्रीनाथ."

आशानं भिंतीला धरून श्वास सोडला.

"बाळा, तू कुठं आहेस?"

"टेम्पोत."

"टेम्पो कुठं आहे?"

"बाजारात."

"कुठल्या बाजारात?"

"लासूरच्या."

"लासूरच्या?" बद्रीनाथ किंचाळला. "अगं, चौकात फिरायचं ठरलं होतं!" तिकडून उत्तर नाही. त्यानं काही विचारलंच नव्हतं ना!

"बरोबर कोण आहे?" वच्छलाताईंनी विचारलं.

"आजी आणि ड्रायव्हरकाका."

"मग घरी कधी येणार?"

"बाई गेल्यावर."

बद्रीनाथला वाटलं, जाऊन रुसण्याच्या जागेत बसावं.

"कोण म्हणालं तसं?" वच्छलाताईंचा आवाज अजून गोडच.

"पप्पा," मनूनं सांगितलं. विचारलं तेवढंच, जास्तीचं एक अक्षर नाही!

वच्छलाताई उठल्या. "मूल बघितल्याशिवाय माझं काम संपत नाही. बसा मागं."

"मी? तुमच्या स्कूटीवर?"

"तुमच्या टेम्पोपेक्षा बरी आहे ती."

आशा दारापर्यंत आली. "लेकरू आणि आई, दोघींना घेऊन या. नाहीतर तुम्हीही तिकडंच राहा!" असं म्हणून तिनं 'चपला' लिहिलेली चिठ्ठी टराटरा फाडली.

लासूरपर्यंत तासाभराचा रस्ता. खड्डा आला की बद्रीनाथ कण्हायचा, पुढून वच्छलाताई म्हणायच्या, "भीती नाही!" पुढचा खड्डा आला की पुन्हा तेच.

स्टेशनाजवळच्या बाजारात टेम्पो सापडला. रामकिसन हात जोडत पुढं आला. "बद्रीभाऊ, माझी चूक नाही! आजी म्हणाल्या, घाण्याच्या बैलावाणी काहून फिरतो, डिझेल फुकट जाऊन ऱ्हायलं, आज लासूरचा बाजार हाय, चल तिकडं. आजींना नाही कोण म्हणणार?"

टेम्पोच्या फळीवर मनू बसली होती, फ्रॉकभर धूळ, ओठांना गुळाचा चिकटा. समोर बाजारातल्या एका बाईनं राखायला दिलेली चिंचेची रास. ती गिऱ्हाइकाला सांगत होती, "बिया येगळ्या मोजायच्या. दहाची एक ओळ. हे बघ, पाच ओळी झाल्या, पन्नास!" शाळेत मुकी होणारी पोर बाजारभर ऐकू जाईल असं बोलत होती. बद्रीनाथनं तिला उचलून छातीशी धरलं.

"पप्पा, बाई गेल्या का?" मनूनं विचारलं.

"मीच बाई," वच्छलाताई म्हणाल्या.

मनूनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग बसा. चिंच खाणार का?"

तेवढ्यात गर्दीतून द्वारकाबाई आल्या. हातात दोरी, दोरीला शेळी!

"आई, टीव्ही कुठंय?"

"ह्यो काय!" द्वारकाबाईंनी शेळीच्या पाठीवर थाप मारली. "तूच म्हनला ना, टीव्हीनं लेकराचे डोळे जातेत? आन् त्याच्यावर चिठ्ठीबी होती, रामकिसननं वाचली, नामंजूर म्हून. मंग ठिवायचा कशाला? केरबाला देला, त्याची शेळी घेतली. लेकराला दूध तरी भेटन!"

"अगं, अजून हप्ते..." बद्रीनाथनं सुरुवात केली. तिकडं धनगराचा केरबा टीव्ही डोक्यावर घेऊन ताठ चालला होता. "सौदा झाला, पाव्हणं!" एवढं ओरडून तो दिसेनासा झाला.

शेळी ओढायला द्वारकाबाई वळल्या आणि बद्रीनाथला त्यांची पाठ दिसली. पदरावर, दोन खांद्यांच्या बरोबर मधोमध, लाल चिठ्ठी. 'नामंजूर'.

"मनू, हे कुणी लावलं?"

"मी. तुम्हीच म्हणालात ना, टेम्पोत जाणाऱ्या मालाला चिठ्ठी लागलीच पाहिजे." आणि मनूनं फ्रॉकवरची धूळ झटकली. तिच्याही छातीवर लाल चिठ्ठी होती. "मीपण टेम्पोतच चालले होते ना!"

बाजार तसाच गजबजलेला होता, पण बद्रीनाथला काही ऐकू येईना. त्याला आपली फार लाज वाटली. त्यानं आधी लेकीची चिठ्ठी काढली. मग आईच्या मागं जाऊन हळूच तिच्या पाठीवरची सोडवली. द्वारकाबाईंना वाचता येत नव्हतं, तरी त्यानं ती मुठीत चुरगाळली.

"काय हाय रं पाठीला?"

"काही नाही, आई. कचरा होता. चुकलो मी."

"कचऱ्यासाठी कोनी चुकलो म्हन्तं का? येडाच हाय!" मग त्यांनी नातीला दम दिला, "आन् तू उतर खाली, नाय तं ही शेळी खाऊन टाकीन तुला!"

बद्रीनाथनं डोळे मिटले. गेलं! खुद्द बाईंसमोर भीती!

"शेळी माणसं खात नाय, आजी," मनू खदखदून हसली. "ती पाला खाते. तुला येवढंपण माहीत नाय का?"

वच्छलाताईंनी शेळीच्या पाठीवर कागद ठेवून काहीतरी लिहिलं. बद्रीनाथचा जीव त्या पेनात अडकला होता. एकच जागा, एकच पोर!

"मनकर्णाचा प्रवेश पक्का," त्या म्हणाल्या.

बद्रीनाथनं आईला मिठी मारली, रामकिसनला मिठी मारली, शेळीलाही मारली असती, पण तिनं शिंगं पुढं केली.

"थांबा, एक अट आहे. आमच्याकडं रविवारी पालकांचा वर्ग असतो. बाकीच्यांना तीन महिने पुरतात. तुमच्यासाठी मी सध्या वर्ष लिहिलंय. पुढचं प्रगती बघून."

आणि म्हणून पुढच्या रविवारी सकाळी नऊ वाजता बद्रीनाथ, अकरा वर्षांत ज्याचं एकही ऑडिट बिघडलं नाही तो बद्रीनाथ, पाण्याची बाटली गळ्यात अडकवून 'ओसरी'च्या फाटकाशी उभा होता. आत वीतभर उंचीच्या खुर्च्या मांडलेल्या आणि मधोमध मातीचा ढीग. एका हाताला आई, दुसऱ्या हाताला मनू. त्याचा पाय काही उचलेना.

मनूनं त्याची कॉलर नीट केली. "रडायचं नाही हं, पप्पा. मी आणि आजी अकरा वाजता घ्यायला येऊ."

रडला नाही तो. पण पहिला अर्धा तास त्याचं सगळं लक्ष फाटकाकडं होतं, असं वच्छलाताई अजून सांगतात.